पाण्याशेजारचा मुक्काम

मराठवाड्याच्या या पठाराला निसर्गाने तळी दिलेली नाहीत. काळ्या कातळाचा प्रदेश. पाऊस पडतो, ओढ्यानाल्यांनी धावतो, गोदावरीला मिळतो आणि पुढे निघून जातो. लोणारचं सरोवर हा मोठा अपवाद, पण तो उल्कापाताने पडलेला खड्डा, आणि तोही शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात. छत्रपती संभाजीनगरच्या आसपासचं कोणतंही साठलेलं पाणी घ्या: पैठणचा नाथसागर, खुलताबाद तालुक्यातला गिरिजा प्रकल्प, दौलताबादचा मोमबत्ता तलाव, दिल्ली दरवाजाजवळचं सलीम अली सरोवर, नाहीतर एखाद्या वाडीच्या पाठीमागचा बिननावाचा पाझर तलाव. हे सगळं पाणी माणसाने अडवलेलं आहे.

आता अशा पाण्याच्या काठी शनिवारी दुपारपासून गाड्या येऊ लागतात. घुमटाच्या आकाराचे रंगीत तंबू उभे राहतात, अंधार पडला की शेकोटी पेटते, सकाळी पोहे आणि चहा. पुण्याकडे पवना धरणाच्या काठी ही रीत आधी रुजली आणि मग इकडे सरकली. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, शेतातल्या मुक्कामाला सरकारदरबारी नोंद मिळाली, आणि टाळेबंदीत कोंडलेली माणसं मोकळ्या रानाकडे निघाली. शहरातल्या माणसाला रात्रीचं खरं आभाळ दिसावं, पाण्यावरून येणारा वारा लागावा, यात वावगं काहीच नाही. मला स्वतःला हा मुक्काम फार आवडतो. पण काही काम नसताना, केवळ हौसेने पाण्याशेजारी कापडाखाली झोपायला जाणं ही इथली अगदी अलीकडची गोष्ट आहे. त्याआधी निदान चारशे वर्षं या भागात पाण्याशेजारी तंबू पडत आले आणि त्यामागे दर वेळी काहीतरी निकड होती.

सुरुवात मलिक अंबरपासून करावी लागते. निजामशाहीच्या या वजिराने १६१०च्या सुमारास खडकी हे गाव, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, राजधानी म्हणून वसवलं आणि उत्तरेच्या डोंगरात झिरपणारं पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात आणलं. आयुष्यभर मुघलांशी गनिमी काव्याने लढलेल्या माणसाचं हे काम. पुढे १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने याच गावाला स्वतःचं नाव दिलं. मुघलांच्या प्रचंड फौजांना इथे वर्षानुवर्षं तळ ठोकून राहता आलं त्याचं एक कारण त्यांच्या शत्रूने आणून ठेवलेलं पाणी होतं, असं मला वाटतं. त्या तळांचे ठसे आजही शहरावर आहेत. मिर्झाराजे जयसिंगाचा जयसिंगपुरा, बिकानेरच्या राजा करणसिंगाचा कर्णपुरा, त्याच्या मुलाचा, पदमसिंगाचा पदमपुरा. सरदार आपापल्या फौजेसह जिथे उतरले तिथे आधी तंबू पडले, मग भिंती उठल्या, मग देवळं आणि बाजार आले. कर्णपुऱ्याच्या देवीची नवरात्रातली यात्रा आजही शहरातली सर्वांत मोठी. पुढे हैदराबाद कंटिन्जंटच्या फौजेचा तळ पडला तो भाग तर अजून छावणी म्हणूनच ओळखला जातो.

मुघल तळ म्हणजे काय प्रकरण होतं ते अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त तपशिलाने नोंदलेलं आहे. बादशहाच्या तंबूंचे दोन पूर्ण संच असत. एका मुक्कामी बादशहा राहत असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी रवाना होई, त्याला पेशखाना म्हणत. एका संचासाठी १०० हत्ती, ५०० उंट आणि ४०० गाड्या लागत. जागा निवडायला मीर मंझिल हा स्वतंत्र अधिकारी आणि तंबू उभारायला फर्राशांची फौज. दरबारासमोर ४० गजांहून उंच खांब उभा करत, सोळा दोरांनी तो ताणून धरत आणि त्याच्या टोकाला रात्री दिवा लावत. हा आकाशदिवा. त्याची गरज का होती ते फ्रेंच वैद्य बर्नियेने लिहून ठेवलं आहे. १६६४च्या अखेरीस तो औरंगजेबाच्या तळाबरोबर दिल्लीहून काश्मीरकडे निघाला होता. संध्याकाळी हजारो चुली एकदम पेटत. ओली लाकडं, शेणाच्या गोवऱ्या, उंटाची लेंडं. वारा पडलेला असला की धूर तळावर असा दाटून बसे की माणसाला स्वतःचा तंबू सापडत नसे. अशा वेळी तो दिवा बघून लोक दिशा धरत. रात्रीच्या निवांत शांततेसाठी आपण ज्या तंबूत जातो, त्याचा हा पूर्वज धुराने आणि गलबल्याने भरलेला होता.

मार्च १६८२ मध्ये औरंगजेब बादशहा म्हणून दख्खनेत परत आला, औरंगाबादेत उतरला, आणि पुढची पंचवीस वर्षं त्याचं राज्य तंबूतून चाललं. तो उत्तरेत परत गेला नाही. नदीकाठ सोडून एवढा तळ पोसणं शक्य नव्हतं, म्हणून भीमेकाठी ब्रह्मपुरी, कृष्णेकाठी गलगली असे लांबलांबचे मुक्काम पडले. नदीने एकदा त्याची किंमत वसूल केली. १७०० सालच्या पावसाळ्यात त्याचा तळ सांगोल्याकडे माणनदीकाठी खवासपूरला पडला. एरवी माणनदी म्हणजे वाळूचा पट्टा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वरच्या डोंगरात जोराचा पाऊस झाला आणि रात्रीतून लोंढा थेट तळात शिरला. माणसं, जनावरं, तंबू वाहून गेले. आरडाओरडा ऐकून मराठ्यांचा छापा पडला असं समजून म्हातारा बादशहा धडपडत उठला, पाय घसरून पडला आणि त्याचा गुडघा निखळला. तो पाय पुन्हा नीट झालाच नाही. मरेपर्यंत तो लंगडत चालला. कोरड्या पात्रात तंबू टाकणाऱ्या प्रत्येकाला खवासपूरची गोष्ट माहीत असायला हवी.

पाणी जवळ असण्याचा धोका तो, तर पाणी नसण्याचा धोका याच जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातल्या पालखेडला दिसला. फेब्रुवारी १७२८. निजामुल्मुल्कची अवजड फौज, तोफखाना आणि बाजारबुणगे, आणि समोर पहिल्या बाजीरावाचं हलकं घोडदळ. बाजीरावाने लढाईला तोंड दिलंच नाही. निजामाला हुलकावण्या देत देत तोफखान्यापासून तोडलं, पाण्याची टंचाई असलेल्या मुलखात आणलं, चहूकडून रसद बंद केली आणि पाण्याच्या वाटा रोखल्या. निजामाच्या तळाला तहानेनेच जेरीस आणलं. ६ मार्चला पैठणजवळ मुंगी-शेवगाव इथे तह झाला आणि दख्खनच्या चौथाई-सरदेशमुखीचा मराठ्यांचा हक्क निजामाला मान्य करावा लागला. बाजीरावाच्या स्वारांकडे नाव घेण्यासारखा तंबूच नव्हता, हे या मोहिमेचं मर्म. ज्याचं सामान कमी त्याला पाणी सापडतं.

मराठ्यांच्या तळाचा एक फार मोलाचा कागद आहे, आणि तो लढाईबद्दल नाहीच. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या आपल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं हे पत्र. पावसाळ्यापुरता मुक्काम, दाणा-गवताचा साठा ठरलेला. महाराज बजावतात की साठा आत्ताच उधळलात तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही आसपासच्या कुणब्यांचं धान्य, लाकूडफाटा, भाजी ओरबाडाल, ते गाव सोडून जातील आणि म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल परवडला. लागेल ती वस्तू बाजारातून विकत आणा, कुणाच्या काडीलाही हात लावू नका. त्यानंतर आगीबद्दल लिहिलं आहे. कुणी निष्काळजीपणे चूल पेटवेल, कुणी गवताच्या गंजीजवळ तंबाखू ओढेल, कुणी रात्री दिवा तसाच ठेवील आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल. एका वातीने सगळी छावणी जळेल. राज्य चालवणारा माणूस उंदराने नेलेल्या वातीपर्यंत विचार करतो, याचं मला दर वेळी वाचताना नवल वाटतं आणि त्याहून जास्त आदर वाटतो. आज मोकळ्या रानात मुक्काम करणाऱ्याला ज्या सूचना द्यायला हव्यात, त्या जवळजवळ सगळ्या या पत्रात आहेत.

साहेबी अमलातल्या दौऱ्याचे तंबू इथे थोडक्यात आटपतो. हिवाळ्यात अंमलदार गावोगाव फिरत, आमराईत नाहीतर नदीकाठी डेरा पडे, खलाशी खुंट्या ठोकत आणि गावावर बिगारीचा भार येई. पण त्या काळातल्या एका मुक्कामापाशी थांबायलाच हवं. १९०९-१० आणि १९१०-११ अशा दोन हिवाळ्यांत इंग्रज चित्रकार ख्रिस्तियाना हेरिंगहॅम अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आल्या. त्यांच्याबरोबर कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि के. वेंकटप्पा ही तरुण मंडळी होती आणि हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन होते. फर्दापूरच्या परिसरात त्यांचा तळ पडला होता. दिवसभर वाघूर नदीच्या वळणावरच्या लेण्यांत अंधुक उजेडात रेषा टिपायच्या आणि संध्याकाळी तंबूत परतायचं. लढाई नाही, वसुली नाही, शिकार नाही. चित्रांसाठी पाण्याशेजारी राहायला आलेली ही माणसं मला आजच्या मुक्कामाची सर्वांत जवळची आणि सर्वांत भली पूर्वज वाटतात. त्या नकलांचा ग्रंथ १९१५ मध्ये लंडनहून निघाला.

बादशहाचे आणि साहेबाचे डेरे गेले, पण पाण्याशेजारच्या कापडी घराची एक परंपरा या जिल्ह्यात आजही दर वर्षी जिवंत होते. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला नाथषष्ठी भरते. १५९९ मध्ये याच तिथीला एकनाथ महाराजांनी गोदावरीत जलसमाधी घेतली. दिंड्या लांबलांबून चालत येतात आणि नदीकाठी राहुट्या उभ्या राहतात. राहुटी उभी होताना पाहण्यासारखी असते. ट्रकमधून कापडाच्या घड्या उतरतात. एकजण मधला खांब धरून उभा राहतो, दोघे कापड त्याच्यावरून ओढून घेतात, बाकीचे चारी बाजूंनी तणावे धरतात. जमीन टणक असेल तर मेख थोडी तिरकी, तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेली ठोकायची, म्हणजे ओढ बसली तरी ती उपटून येत नाही. मग कडेने फावड्याने वीतभर चर. फाल्गुनात पाऊस नसतो, पण अवकाळीचा भरवसा नाही, आणि आषाढीच्या वाटेवर लागलेली सवय मोडत नाही. कुणी कुणाला सूचना देत नाही. बायका तोवर तीन दगडांची चूल मांडून मोकळ्या झालेल्या असतात. तासाभरात मोकळ्या वाळूचं गाव होतं, आणि षष्ठी, सप्तमी, अष्टमीचा काला झाला की ते गाव उठतं.

दुसरी परंपरा मात्र कुणी कौतुकाने पाहत नाही. गावाबाहेर ओढ्याकाठी, तळ्याकाठी पडणारी पालं. कैकाडी, नंदीवाले, गोसावी, वडार. काठ्यांवर टाकलेली गोधडी किंवा ताडपत्री, बाहेर गाढवं, कुत्री, पोरं. भटक्या माणसाने पाल टाकलं की आधी पाटलाला नाहीतर पोलिसाला वर्दी द्यायची, आणि दोन-चार दिवसांत हलायचं. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतः गुन्हेगार हा शिक्का मारला, तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कागदावरून पुसला गेला. गावच्या नजरेतून तो पुसायला फार वेळ लागला. आपण पैसे मोजून ज्या कापडाखाली एक रात्र झोपतो, त्याच कापडाखाली झोपल्याबद्दल त्यांना गावाने हाकललं. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये आलं तेव्हा पालाच्या आतून ही गोष्ट मराठी वाचकाने पहिल्यांदा वाचली.

आणि याच लोकांनी तळी बांधली. माती वडार हे दख्खनभर खोदाईचे आणि भरावाचे कसबी कारागीर. जिथे तळं व्हायचं तिथे आधी त्यांची पालं पडत. पाणी नंतर येई आणि पाणी भरेपर्यंत पालं पुढच्या कामावर गेलेली असत. तळ्याच्या जागी मुक्काम केलेली ही पहिली माणसं.

१९७२च्या दुष्काळात हेच काम सगळ्या गावांवर आलं. लागोपाठच्या अपुऱ्या पावसानंतर त्या वर्षी तर खरीपही गेलं, विहिरी आटल्या. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. खडी फोडणं, रस्ते, बंडिंग आणि पाझर तलाव. कामाच्या ठिकाणी चौकडी आखून द्यायचे. पुरुषाने टिकावाने उकरायचं, बाईने घमेल्याने माती भरावावर न्यायची, आणि खड्ड्याच्या मधे मातीचा एक उभा खुंट तसाच ठेवायचा, म्हणजे मोजणीच्या दिवशी किती खोल खणलं ते समजे. मापावर मजुरी. खायला अमेरिकेहून आलेला लाल मिलो आणि सुकडी. काम लांब असेल तर तिथेच पालं टाकून कुटुंबं राहत. एरवी ज्यांनी कधी घर सोडलं नव्हतं असे कुणबी, मराठा, दलित, मुसलमान शेजारी शेजारी चुली मांडून राहिले. या अनुभवातून रोजगार हमी योजना पक्की झाली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. गावामागच्या पाझर तलावाच्या भरावावर चढून पाहा. पाण्याकडच्या उतारावर दगडांचं अस्तर आहे, एका बाजूला सांडवा आहे. तिथे कोनशिला क्वचितच असते.

नाथसागराची गोष्ट वेगळ्या मापाची. हैदराबाद संस्थानाच्या काळात धरणाची पहिली आखणी बीड जिल्ह्यातल्या जायकूचीवाडीला होती; जागा बदलून पैठणला आली तरी जायकवाडी हे नाव राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरण राष्ट्राला अर्पण केलं. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, २७ दरवाजे, साठा १०२ टीएमसी, आणि पाण्याखाली गेलेली सुमारे ३५ हजार हेक्टर जमीन. शंभराहून अधिक गावांना त्याची झळ लागली. काळ्या मातीची, गोदाकाठची, जिल्ह्यातली उत्तम रानं. त्या पाण्यावर आज शहर जगतं, उद्योग चालतात, मराठवाड्याची शेती भिजते. धरण नको होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्यांची गावं गेली ते तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये आणि झोपड्यांत राहिले हेही त्याच इतिहासात लिहिलं पाहिजे. पाणी फार खाली गेलं की जुन्या देवळांचे आणि भिंतींचे अवशेष वर येतात आणि म्हातारी माणसं आपलं घर कुठे होतं ते बोटाने दाखवतात.

पाणी आलं तसे पक्षी आले. उथळ आणि पसरट पाणी, गाळ, शेजारी शेतं. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे, बदकांच्या कितीतरी जाती. १९८६ मध्ये जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हिवाळ्याच्या पहाटे दुर्बीण घेऊन काठावर थांबणारे पक्षिमित्र हे इथल्या हौशी मुक्कामाचे खरे जनक. त्यांच्याआधी आणि त्यांच्याबरोबरीने मुलांची शिबिरं होती. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली आणि मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांतली पोरं हिवाळ्यात काही दिवस खेड्यात राहून बांध घालू लागली, शोषखड्डे खणू लागली. दिवसा श्रमदान, रात्री शेकोटीभोवती गाणी. आज कॅम्पिंगच्या जाहिरातीत शेकोटी आहे, गाणी आहेत. फावडं तेवढं राहिलं मागे.

आता काठावरची एक गोष्ट, जी तंबू टाकणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत नसते. उन्हाळ्याकडे जलाशयाचं पाणी मागे सरकतं आणि ओला, सपाट गाळ उघडा पडतो. शहरातल्या माणसाला तो मोकळा किनारा वाटतो. ती गाळपेर जमीन असते. धरणात जमीन गेलेली कुटुंबं याच गाळात हरभरा, गहू, कांदा, भाजीपाला घेतात. पुन्हा पाणी चढेपर्यंत ती त्यांची शेती. म्हणजे तंबूची मेख जिथे ठोकली जाते तिथे वर्षातून काही महिने कुणाच्या तरी आजोबांचं रान वर आलेलं असतं. चाकं फिरवून, बाटल्या फोडून, गवत पेटवून त्याची माती होते. रात्री लावलेल्या भोंग्याने कडेचे पक्षी उठतात. चिपळूणच्या पत्रातला कुणब्याच्या काडीचा इशारा इथे शब्दशः लागू पडतो, आणि काठावर व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाने तो मराठीत छापून प्रत्येक तंबूत लावावा असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांनी ही तळी खणली आणि ज्यांची गावं या पाण्याखाली गेली ती माणसं अजून काठच्या वस्त्यांत आहेत. १९७२ साली विशीत असलेली आज सत्तरी ओलांडून बसली आहेत, आणि त्यांच्या आठवणी फारशा कुणी नोंदवलेल्या नाहीत. पुढच्या मुक्कामाला जाल तेव्हा एक संध्याकाळ शेकोटी सोडून त्यांच्या ओसरीवर बसा. तळ्याचं नाव विचारा, गावाचं जुनं ठिकाण विचारा, चौकडीचा दर विचारा, आणि ती सांगतील ते लिहून ठेवा.